तेलंगांचे भिन्नमत : एका निकालाचे वाचन

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, भूम, कळंब. यांपैकी कुठल्याही दिवाणी न्यायालयाचा रोजचा बोर्ड चाळा, वाटपाचा दावा हटकून सापडेल. जमीन आजोबांच्या वेळची. सातबारावर बापाचे आणि चुलत्यांचे नाव. बाप भावांशी एकत्र आहे आणि त्याला एकत्रच राहायचे आहे. मुलगा म्हणतो, माझा हिस्सा मोजून वेगळा द्या. बापाची संमती नसताना मुलाला असा दावा लावता येतो का?

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हे त्या दाव्याचे नाव. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत १६व्या खंडात, २९व्या पानापासून तो छापलेला आहे. बहुमताने मुलाला नाही म्हटले. बहुमताबाहेर राहिले न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात बसत होते. कायदा करणारा माणूस कायद्याचा अर्थ लावायला बसला म्हणजे काय घडते, हे पाहायचे तर हे भिन्नमत आणि त्याच्या मागे-पुढे विखुरलेले तेलंगांचे इतर काम एका बैठकीत वाचावे.

आमदारकीतून न्यायासनाकडे जाणारी वाट आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. तुळजापूर तालुक्यातल्या काटीचे बी. एन. देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. संविधानाच्या २१७व्या अनुच्छेदाला दहा वर्षांची वकिली किंवा तितकीच न्यायालयीन नोकरी चालते, आमदारकीची त्याला अडचण नाही. तरीही ही वाट आज निर्मनुष्य झाली आहे. तेलंगांच्या काळात मात्र मुंबईत तिच्यावर चांगली वर्दळ होती. तेलंग १८८९मध्ये न्यायमूर्ती झाले, १८९३मध्ये त्यांच्या जागी रानडे आले, १८९५मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, पुढे १९०१मध्ये नारायण गणेश चंदावरकर. चौघेही आधी कौन्सिलात बसलेले. चौघांत सर्वांत कमी आयुष्य तेलंगांना मिळाले. जन्म १८५०चा, मृत्यू १ सप्टेंबर १८९३चा, आणि न्यायासनावरची वर्षे जेमतेम चार.

आता भिन्नमताकडे येऊ. त्याची गोडी कळायला आधी मिताक्षरेत डोकावले पाहिजे, आणि मिताक्षरा आपल्यापासून लांब नाही. विज्ञानेश्वराने ती लिहिली चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत. ते कल्याणी म्हणजे उमरग्याच्या शिवेपलीकडचे आजचे बसवकल्याण. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ही टीका बंगाल सोडून जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानात वारसाहक्काचा आधार झाली. तिचा कणा एकच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो, त्यासाठी बापाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही.

अडचण येते ती याज्ञवल्क्याच्या लागोपाठच्या दोन विधानांमध्ये. पहिले सांगते की वेगवेगळ्या बापांच्या मुलांत वाटणी करायची असेल तर हिस्से बापांच्या संख्येवरून मोजावेत. एका भावाला एक मुलगा आणि दुसऱ्याला चार असले, तरी एकट्याला अर्धा आणि चौघांना मिळून अर्धा. दुसरे सांगते की आजोबाने मिळवलेल्या जमिनीत बाप आणि मुलगा यांचे स्वामित्व सारखेच. या दोहोंच्या मध्ये विज्ञानेश्वर एक शंका मांडतो. बाप जिवंत असेल आणि आजोबापासून विभक्त असेल, किंवा त्याला भाऊच नसेल, तर नातवाला आजोबाच्या मालमत्तेत वाटणी नाहीच, किंवा असलीच तर बापाच्या मर्जीने, असे कोणी म्हणेल. ही शंका फेडण्यासाठी दुसरे विधान आले आहे, असे तो सांगतो.

शंकेतली उदाहरणे नीट पाहा. बाप विभक्त असलेला, किंवा त्याला भाऊ नसलेला. बाप एकत्र आहे आणि त्याला भाऊही आहेत, ही तिसरी परिस्थिती तिथे आलेलीच नाही, आणि आपल्याकडचे निम्मे दावे नेमके त्याच परिस्थितीतले. टीकाकाराच्या या मौनाचा अर्थ काय घ्यायचा? मुंबईच्या बहुमताचा कौल असा पडला की बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असेल तोवर मुलाने त्याच्या संमतीवाचून वाटणी मागू नये. म्हणजे मुलाचा हक्क बापाच्या पाठीमागे उभा राहिला. तेलंगांचा कौल जन्मसिद्ध हक्काच्या बाजूचा. हक्क जन्माने आला असेल तर तो मागण्यासाठी आणखी कोणाची परवानगी कशाला?

या मतभेदाचे सौंदर्य असे की दोन्ही बाजू एकाच ग्रंथाच्या एकाच पानावर उभ्या आहेत. पहिले विधान हिस्सा मोजण्याची रीत सांगते, दुसरे हक्काचे मूळ सांगते. मोजण्याची रीत हक्कावर चढू दिली की नातू बापाच्या सावलीत जातो. मोजणी हक्काखाली ठेवली तर नातू आपल्या पायावर उभा राहतो. इंग्रज न्यायाधीशांपुढे मिताक्षरा येई ती कोलब्रुकच्या १८१०च्या भाषांतरातून. त्यात वाक्ये एकामागून एक सपाट उतरतात आणि शंका कुठे संपून सिद्धान्त कुठे सुरू होतो, ते चटकन दिसत नाही. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांच्या चालीवर वाढलेल्या वाचकाला तो सांधा बोटाला लागतो. तेलंग मूळ संस्कृतात वाचणारे न्यायाधीश होते. सरकारी पंडिताचे मत मागवण्याची त्यांना गरज नव्हती, आणि तरीही पंडिताच्या सोवळ्यात ते कधी बसले नाहीत. शास्त्रार्थ आणि पुरावा यांची अशी गाठ त्यांच्याआधी मुंबईच्या न्यायासनावर क्वचितच पडली असेल.

एक छोटा तपशील इथे गंमत वाढवतो. काशिनाथ स्वतः दत्तक गेलेले होते. जन्मदाते वडील बापू रामचंद्र, आणि ज्यांचे नाव त्यांनी आयुष्यभर लावले ते त्र्यंबक हे चुलते. घर, हिस्सा, नाव कोणाचे लावायचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे निव्वळ पुस्तकातून आले नसणार. निकालात याचा वास कुठेही येत नाही. न्यायाधीशाने आपले घर निकालाबाहेर किती स्वच्छ ठेवावे, याचा हा नमुनाच.

दुसरा निकाल वाचायचा तर मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा हा. प्रश्न स्त्रीच्या मालमत्तेच्या वारसाचा आणि ग्रंथ नीलकंठाचा व्यवहारमयूख, जो गुजरातेत आणि मुंबई बेटावर मिताक्षरेच्याही वरचढ मानला जाई. नीलकंठाने स्त्रीधनाचे दोन कप्पे केले होते. लग्नात, माहेरून, प्रेमाने मिळालेले ते पारिभाषिक स्त्रीधन, आणि इतर मार्गांनी आलेले ते त्याबाहेरचे. दोहोंचे वारस वेगळे. तेलंग या कप्प्यांतून असे फिरतात की कुठे काय ठेवले आहे, ते वाचणाऱ्यालाही पाठ व्हावे. भिन्नमतासारखा ताण इथे नाही. सुख आहे ते नुसत्या टापटिपीचे, आणि मला तेही कमी वाटत नाही.

न्यायाधीश तेलंगांची ही नजर कौन्सिलात कशी चालत असेल? १८८४ ते १८८९ ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते. आजच्या विधानसभेचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. १८६१च्या कायद्याने कौन्सिलात चार ते आठ जादा सभासद घेतले जात, तेही गव्हर्नरने नेमलेले. निवडणूक नाही. प्रश्न विचारायची मुभा नाही. अंदाजपत्रकावर बोलता येत नाही. पुढे आलेल्या विधेयकावर बोला, एवढीच सनद. एवढ्याशा जागेत माणसाने कलमांवर काम करण्यापलीकडे करावे तरी काय? तेलंगांनी तेच केले.

त्यातले सर्वांत मोठे काम १८८८चा मुंबई महानगरपालिका कायदा, त्या वर्षाचा तिसरा. फेरोजशहा मेहता आणि तेलंग, दोघेही तेव्हा कौन्सिलात. फेरोजशहांचा आवाज सभागृह भरून टाकणारा, तेलंगांचा कागदावर उतरणारा. मसुदा समितीच्या हातून गेला की कलमांवर सह्या राहत नाहीत, म्हणून अमुक ओळ तेलंगांची असे सांगण्याच्या फंदात मी पडत नाही. पण कायद्याची घडण पाहा. ६४व्या कलमात शहराचा कारभार नगरसेवकांच्या महापालिकेकडे ठेवला आहे आणि अंमलबजावणी आयुक्ताकडे, तीही जिथे सांगितले तिथे महापालिकेच्या किंवा स्थायी समितीच्या मंजुरीने. एका वाक्यात मालकी आणि दुसऱ्या वाक्यात हात. सभासद ७२ : निम्मे करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, प्रत्येकी दोन विद्यापीठाच्या फेलोंनी आणि चेंबर ऑफ कॉमर्सने, उरलेले १६ सरकारने नेमलेले. म्हणजे सरकारच्या हातात चौथ्या हिश्श्याहूनही कमी. परक्या राजवटीत, नेमलेल्या सभासदांच्या कौन्सिलातून एवढे निघाले हे पुष्कळच. शेकडो दुरुस्त्या अंगावर घेऊन तो कायदा आजही मुंबईत चालू आहे.

आता तेलंगांच्या बुद्धीचा खास मुंबईकर मिस्कीलपणा पाहा. डिसेंबर १८८५मध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिसरा ठराव कायदे कौन्सिलांच्या सुधारणेचा होता : निवडलेले सभासद घ्या, अंदाजपत्रक त्यांच्यापुढे ठेवा, त्यांना प्रश्न विचारू द्या. हा ठराव मांडला तेलंगांनी, म्हणजे कौन्सिलात नेमणुकीने बसलेल्या सभासदानेच. अनुमोदन दिले मद्रासच्या एस. सुब्रह्मण्य अय्यरांनी, तेही तिकडच्या कौन्सिलात. पुढे तेही मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आपण ज्या खुर्चीवर बसलो आहोत तिची बैठक चुकीची आहे, हे खुर्चीवर बसूनच शांतपणे सांगायचे, आणि सांगताना राजनिष्ठेचा एकही पदर ढळू द्यायचा नाही. १८९२च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा आली, तेव्हा तेलंग न्यायासनावर होते. त्यांना ती वापरता आली नाही.

त्यांच्या वागण्याचे सूत्र त्यांनीच १८८६च्या एका भाषणात सांगितले आहे. समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा, हा तेव्हाचा कळीचा वाद. तेलंगांचे उत्तर असे की जिकडे अडथळा कमी तिकडून आधी चालावे. राजकारणात समोर इंग्रज सरकार आहे, त्याच्याशी युक्तिवादाने बोलता येते. समाजात समोर आपलेच घर आहे. भाषण म्हणून याची बांधणी सुरेख आहे. प्रतिपक्षाला देण्यासारखे जेवढे आहे तेवढे आधीच देऊन टाकायचे आणि मग उरलेली जागा आपल्या नावावर करून घ्यायची. निकालांतही हीच चाल दिसते.

पण ही चाल घरात तोकडी पडली. रखमाबाईंच्या गाजलेल्या दाव्यात तेलंग त्यांच्या बाजूच्या वकिलांत होते. अजाणत्या वयातले लग्न नाकारणाऱ्या बाईसाठी ते कोर्टात उभे राहिले. आयुष्याच्या अखेरीस मात्र घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी स्वतःच्या मुलीचे लग्न बालवयातच होऊ दिले, आणि सुधारक मंडळींत त्यावरून गदारोळ झाला. मला यात ढोंग दिसत नाही. कमी अडथळ्याची वाट शोधणाऱ्या बुद्धीला, जिथे सगळीकडे सारखाच अडथळा असतो तिथे, वाटच सापडत नाही. रसग्रहणात दोष झाकू नयेत, म्हणून हे लिहिले.

न्यायाधीश तेलंग घडले ते फक्त वकिलीतून, असे समजणाऱ्याने त्यांचे १८७३चे छोटेखानी पुस्तक वाचावे. रामायण होमरवरून उचलले, असे जर्मन पंडित वेबर म्हणत होते. तेविशीतल्या तेलंगांनी त्यांचा एकेक मुद्दा साक्षीदारासारखा पिंजऱ्यात उभा केला. साम्य दाखवले, पण उसनवारी सिद्ध झाली का? दोन गोष्टींत अपहृत बायको आहे म्हणून एक गोष्ट दुसरीची नक्कल ठरते का? सिद्ध करण्याचा भार कोणाचा, हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतात. आवाज कुठेही चढत नाही. दोन वर्षांनी गीतेच्या पद्य भाषांतराच्या प्रस्तावनेत, गीता बायबलवरून घेतली म्हणणाऱ्या लोरिन्सरचाही त्यांनी असाच समाचार घेतला. मॅक्समुल्लरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालिकेतला १८८२चा आठवा खंड, गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता, हाही त्यांचाच. ‘मुद्राराक्षसा’ची चिकित्सक आवृत्ती १८८४ची, म्हणजे कौन्सिलात गेले त्याच वर्षीची. चाणक्याचे डाव शुद्ध करून छापायचे आणि त्याच वर्षी सरकारी विधेयके वाचायला बसायचे, हा योग काही वाईट नाही.

मराठीत त्यांनी थोडे लिहिले, पण एक निवड फार बोलकी आहे. लेसिंगच्या नाटकाचे त्यांनी ‘शहाणा नेथन’ या नावाने भाषांतर केले. त्या नाटकाच्या मध्यावर अंगठीची गोष्ट आहे. बापाकडे एकच गुणी अंगठी आणि मुलगे तीन. तो दोन हुबेहूब नकला करवतो आणि प्रत्येकाला एकेक देतो. बाप गेल्यावर तिघे भांडत न्यायाधीशाकडे येतात. न्यायाधीश निकाल देत नाही. आपापली अंगठी खरी समजून तसे वागा, म्हणतो, फार वर्षांनी माझ्याहून शहाणा कोणी या आसनावर बसेल, तो सांगेल. वारशाचा दावा, भाऊबंदकी, आणि आपल्या अधिकाराची सीमा ओळखणारा न्यायाधीश. हिंदू कायद्याच्या वकिलाला जर्मन नाटकांतले नेमके हेच आवडावे, यातच त्याची रुची कळते.

धाराशिवकरांसाठी आणखी एक धागा. तेलंगांनी खारेपाटणचा शिलाहार अनंतदेवाचा शके १०१६चा ताम्रपट वाचून ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध केला. कोकणात राज्य करणारे हे शिलाहार स्वतःला तगरनगरीचे स्वामी म्हणवत. तगर कुठले, यावर तेव्हा विद्वानांत बराच खल चालू होता. ते आपले तेर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने मांडले १९०१मध्ये, तेलंग गेल्यानंतर आठ वर्षांनी. ताम्रपट वाचताना ते तेरच्या दारापर्यंत आले होते, दार उघडले दुसऱ्याने. बखरींवरच्या त्यांच्या निबंधाचेही थोडेसे तसेच. लढायांच्या नोंदींतून मराठ्यांची समाजरीत आणि धर्मव्यवहार वेचून काढणारा तो निबंध आज बहुतेक वाचकांना सापडतो तो रानड्यांच्या मराठी सत्तेच्या इतिहासाला जोडलेली पुरवणी म्हणून.

१८९२मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, गेले.

तेव्हा आपला भाग, त्या वेळचा नळदुर्ग जिल्हा, निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शब्द इथे चालत नव्हता. तो जोड १९५६मध्ये आला, आणि पुढे १९८०च्या दशकात औरंगाबादचे खंडपीठ. आपाजी नरहरमधले बहुमत हिंदू कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईची रीत म्हणून कायम राहिले, आणि त्याच ओळीत ‘तेलंग यांचे भिन्नमत’ ही नोंदही. जन्माने हक्क ही कल्पना मात्र मागे हटली नाही. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि साऱ्या देशाने २००५मध्ये तीच कल्पना मुलींपर्यंत नेली. कल्याणीच्या टीकाकाराला हे कितपत रुचले असते, कोण जाणे.

जिल्ह्यातल्या तरुण वकिलांना एक विनंती. वाटपाचा दावा लिहायला घ्याल तेव्हा १६व्या मुंबई खंडातला हा निकाल मुळातून वाचा, आणि बहुमताशी न थांबता तेलंगांचे मत संपेपर्यंत वाचा.